विनाखंड

शब्दकोश कार्यालयात कोशबाईंनी एखाद्या शब्दाचा अर्थ ठरवला की तो ठरला. मग त्याला जागचं हलवणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमलं नसतं. एकतीस वर्षं त्या तांत्रिक शब्दांच्या कोशाचं काम बघत होत्या आणि एकतीस वर्षांत आपली एकही व्याख्या समितीकडून परत आली नाही, असं त्या अधूनमधून सांगत. अधूनमधून म्हणजे दिवसातून तीनदा. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर येत नसे. त्यांचे यजमानसुद्धा फोनवर ‘कोशबाई आहेत का?’ असंच विचारत.

तीन महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या. कोश अक्षरांच्या क्रमाने छापला जात होता; ‘अ’पासून ‘ल’पर्यंतचे भाग बांधून कपाटात उभे होते आणि आता ‘व’ची पाळी होती. या ‘व’वर बाईंचा जीव होता, कारण त्यात त्यांचा स्वतःचा शब्द येणार होता. इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी घडवलेल्या शब्दांचे अर्थ लिहिले. स्वतः घडवलेला शब्द एकच. टेबलाखालचं ते काळं खोकं असतं ना, लाइट गेले की ज्याच्या जोरावर कॉम्प्युटर चालू राहतो आणि ज्याला सगळं जग यूपीएस म्हणून मोकळं होतं, त्याला बाईंनी नाव दिलं होतं ‘विनाखंड वीजपुरवठा’. आणि पुढे व्याख्या: ‘ज्यात कधीही, कोणत्याही कारणाने खंड पडत नाही असा वीजपुरवठा.’

समितीची बैठक वर्षातून एकदाच होई. ती शुक्रवारी दुपारी चारला होती. त्या दिवशी ‘व’ मंजूर झाला तरच तो बाईंच्या डोळ्यांदेखत छापला जाणार होता, नाहीतर निवृत्तीनंतर दुसरंच कुणीतरी येऊन ‘विनाखंड’चं काय करेल याचा नेम नव्हता.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण विजेच्या शब्दांसाठी समितीने जी तज्ज्ञ नेमली ती नेमकी बाईंची नणंद निघाली. वन्संची अख्खी नोकरी वीजकेंद्रात गेली होती. घरी त्या फार गोड बाई. भावजयीच्या हातचा बिघडलेला चहासुद्धा त्या नाव न ठेवता पीत. पण कागदावर त्या कुणाच्या नणंद नव्हत्या. बाईंनी हाताने लिहून पाठवलेल्या ‘विनाखंड’च्या व्याख्येसमोर त्यांनी लाल पेनाने एकच शब्द लिहून पाठवला होता: ‘चूक.’

आता इथे कार्यालयाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पूर्वी जेव्हा सगळं काम कागदी चिठ्ठ्यांवर चाले, तेव्हा अक्षर पुरं झाल्याशिवाय एकही चिठ्ठी कपाटात ठेवायची नाही, असा दंडक होता. शेवटचा शब्द लिहून झाला की सगळा गठ्ठा एकदम आत जायचा. मग कॉम्प्युटर आला. चिठ्ठ्या गेल्या, बाई राहिल्या, आणि बाईंबरोबर दंडकही राहिला. ‘व’ची फाइल ‘व’ संपल्यावरच साठवायची. कॉम्प्युटर आपणहून दर दहा मिनिटांनी काम साठवतो हे कळल्यावर तर बाईंनी ती सोय बंद करायला लावली. अर्धवट काम कपाटात टाकायची परवानगी त्याला दिली कुणी? तेव्हा गेले चाळीस दिवस टंकलेखक संध्याकाळी फक्त पडदा बंद करून घरी जात होता आणि तीनशे आठ शब्द कॉम्प्युटरच्या पोटात तसेच उभे होते. या काळात नऊ वेळा लाइट गेले. दरवेळी मिनिट-दोन मिनिटांत परत आले, तोवर खोक्याने किल्ला लढवला. बाईंचा त्या खोक्यावर विश्वास बसला तो असा.

शुक्रवारी सकाळी अकराला वन्सं कार्यालयात हजर झाल्या. पर्स टेबलावर ठेवली, चष्मा चढवला आणि स्वतःची व्याख्या वाचून दाखवली. त्यात बॅटरी होती, भार होता, ‘मर्यादित काळ’ होता आणि ‘जेणेकरून’ दोनदा होतं. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं, की हे खोकं काम चालू ठेवण्यासाठी नसतंच. लाइट गेल्यावर दहा-पंधरा मिनिटं मिळतात, तेवढ्यात काम साठवायचं आणि कॉम्प्युटर नीट बंद करायचा. बाईंनी ते सगळं डोळे मिटून ऐकलं.

“वन्सं, घरी तुमचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही,” त्या म्हणाल्या. “पण हे कार्यालय आहे. विनाखंड म्हणजे विनाखंड.”

“वहिनी, बॅटरी ती. संपणार नाही का?”

“चाळीस दिवसांत नऊदा लाइट गेले. संपली का?”

वन्संनी विचारलं की सलग किती वेळ गेले होते. बाईंना हा प्रश्न फुटकळ वाटला. त्यांनी शेजारच्या खोलीतल्या ग्रंथपालांना हाक मारली आणि जिन्याखालचा मुख्य स्विच पाडून यायला सांगितलं. आज सोक्षमोक्ष लावूनच चार वाजता बैठकीला जायचं होतं. टंकलेखक खुर्चीतल्या खुर्चीत आखडला. वन्संचा हात पर्सवरच थांबला.

“थांबा. काम सगळं साठवलंय ना?”

“काम कसं ठेवायचं ते या कार्यालयाला शिकवू नका,” बाई म्हणाल्या.

हे उत्तर नव्हतं, पण वन्संना ते उत्तर वाटलं. टंकलेखक खोकला. त्याला सांगायचं होतं, पण मागे एकदा ‘साठवू का’ असं विचारल्यावर बाईंनी त्याला अर्धा तास दंडकाचा इतिहास ऐकवला होता, आणि माणूस एकदा पोळला की खोकण्यावरच भागवतो.

सव्वाअकराला खाली खट्कन आवाज झाला. पंखे मंदावले, दिवे गेले, जिन्यात कुणीतरी ‘गेली वाटतं’ म्हणालं. टेबलाखालचं खोकं टूं करून ओरडलं आणि कॉम्प्युटरचा पडदा जसाच्या तसा उजळ राहिला. बाईंनी नणंदेकडे असं बघितलं, जणू सूर्यमंडळच त्यांनी चालवायला घेतलं आहे. मग त्या हात मागे बांधून येरझारा घालत पुढचा शब्द सांगू लागल्या. ‘व’मधले आता तीनच उरले होते. ‘व्यस्त प्रमाण’ त्यांनी उगाच लांबवून लांबवून सांगितलं. त्यात उदाहरणंही दोन घातली.

खोलीत उकडायला लागलं. बाईंनी टेबलफॅनची पिन काढली आणि खोक्याला जोडलेल्या बोर्डात खुपसली. वन्संनी सांगितलं की भार वाढेल, वेळ कमी होईल. बाईंनी पंखा आणखी एक घर वाढवला. तेवढ्यात शेजारच्या खोल्यांमधून माणसं डोकावू लागली. सगळ्या मजल्यावर अंधार आणि या एका खोलीत वारा सुटलेला, म्हटल्यावर बातमी पसरायला किती वेळ लागणार? कुणाचा मोबाइल चार्जिंगला लागला, कुणाचा टेबलावरचा दिवा आला. तपासनीसबाई आपला कॉम्प्युटरच उचलून घेऊन आल्या. कुणालाही नाही म्हणायचं नाही, असं बाईंनी ठरवलं होतं. आज आपल्या शब्दाची परीक्षा आहे, तेव्हा सगळ्यांनी पोटभर वापरा, असं त्या म्हणत होत्या. बोर्डाला दुसरा बोर्ड लागला, दुसऱ्याला तिसरा. वन्सं घड्याळ बघत होत्या आणि प्रत्येक नव्या पिनेला त्यांचा चेहरा थोडा थोडा उतरत होता.

अकरा सत्तावीसला खोकं भरभर ओरडायला लागलं.

“हा आवाज बॅटरी संपत आल्याचा,” वन्सं म्हणाल्या.

“कामाला लागलंय ते,” बाई म्हणाल्या आणि ‘व्होल्टता’ सांगायला घेतली.

वन्संना अजून भीती वाटत नव्हती. पैज त्या जिंकत होत्या आणि दोन मिनिटांत खोकं बंद पडलं की चहा मागवायचा, असा त्यांचा बेत होता. सहज म्हणून त्यांनी पडद्याकडे नजर टाकली. वर, जिथे फाइलचं नाव असतं तिथे, ‘अनामिक’ असं लिहिलेलं होतं. त्यांनी टंकलेखकाला हळूच विचारलं की ही फाइल कोणत्या नावाने साठवली आहे. टंकलेखकाने छताकडे बघितलं. मग त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं: दंडक, चाळीस दिवस, तीनशे दहा शब्द, आपणहून साठवायची सोय, ती कुणी बंद करायला लावली, सगळं.

“वहिनी, आत्ताच्या आत्ता साठवा,” वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम वीजकेंद्रातला झाला होता.

“अक्षर पुरं झालेलं नाही. एक शब्द राहिलाय.”

“राहू दे तो.”

“एकतीस वर्षांत राहू दिला नाही.”

वन्संनी वाद घातला नाही. त्यांनी चप्पल तिथेच सोडली आणि अनवाणी जिन्याकडे धावल्या. टंकलेखकाने बोट कळीच्या वर आणून ठेवलं आणि तो बाईंच्या तोंडाकडे बघत बसला. खरं सांगायचं तर धोका आता बाईंनाही कळला होता. पण माघार घ्यायची म्हणजे सगळ्यांसमोर आपला शब्द आपणच खोटा पाडायचा, आणि ते त्यांच्याच्याने होईना. त्यांनी शेवटचा शब्द सांगितला. “व्होल्टमापी. व्होल्टता मोजण्याचे उपकरण.”

झालं. अक्षर पुरं झालं. टंकलेखकाचं बोट खाली निघालं.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “उपकरण नको. साधन?”

त्यांनी डोळे मिटले. उपकरण की साधन, हा प्रश्न असा घाईत सुटणारा नव्हता. याआधी ‘तापमापी’ला काय लिहिलं होतं, ‘दाबमापी’ला काय, हे त्या आठवत होत्या. आणि इथे दुसरंच काही घडत होतं. ग्रंथपाल हा घड्याळावर चालणारा माणूस. साडेअकरा वाजले की त्यांना कपभर गरम पाणी लागे. स्विच पाडून ते शांतपणे आपली विजेची किटली घेऊन आले होते आणि तिसऱ्या बोर्डावर शेवटचं भोक रिकामं बघून त्यांनी तिची पिन तिथे लावली होती. साडेअकराला त्यांनी किटलीचं बटण दाबलं.

खोक्याने एक लांब सूर काढला आणि ते गप्प झालं. पडदा काळा झाला, पंखा थांबला. तीन सेकंदांनी खालून वन्संनी मुख्य स्विच वर केला आणि सगळ्या मजल्यावर लखलखाट झाला.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला तेव्हा त्यात ‘व’चा मागमूस नव्हता. टंकलेखकाने सगळे कप्पे धुंडाळले. माणसं आपापल्या पिना काढून एकेक करून सटकली. ग्रंथपाल किटली पोटाशी धरून भिंतीला चिकटून उभे होते. बाई खुर्चीत बसल्या. त्यांना रडू येत नव्हतं, पण चाळीस दिवस कुणीतरी हातातून काढून घेतल्यासारखे त्यांचे हात मांडीवर रिकामे पडले होते. वन्सं जिना चढून धापा टाकत आल्या आणि दारातच त्यांना सगळं कळलं.

आता त्यांना हवं ते बोलता आलं असतं. बाईंनी ते ऐकूनही घेतलं असतं. पण वन्संनी खुर्ची ओढली, पदराने घाम पुसला आणि घड्याळ दाखवलं.

“चारला साडेचार तास आहेत. तुमच्या डोक्यातून तर काही पुसलं गेलं नाही ना?”

बाईंनी मान वर केली. माझ्या डोक्यातलं काही पुसायला अजून कुणी जन्माला यायचंय, असं त्या म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. तिथून पुढे जे झालं ते त्या मजल्यावर आजही सांगतात. बाई डोळे मिटून सांगत होत्या, टंकलेखक बडवत होता आणि वन्सं बोटांवर शब्द मोजत होत्या. वाहक, विद्युतधारा, विभव, वेटोळे, एका शब्दाला एक मिनिटसुद्धा नाही. प्रत्येक शब्दानंतर टंकलेखक फाइल साठवत होता, आणि तेही बाईंना विचारल्याशिवाय, कळीवर जोराने बोट आपटून. बाईंनी पहिल्यांदा त्याच्याकडे रागाने बघितलं. दुसऱ्यांदा बघितलं नाही. ग्रंथपालांनी दोनदा सगळ्यांना चहा आणला. तो त्यांनी खालच्या दुकानातून आणला, किटलीला हात लावला नाही.

पावणेचारला तीनशे दहा शब्द झाले. एकच राहिला होता. त्याचा विषय कुणी काढला नाही आणि बाईंनीही तो सांगितला नाही.

समितीचे अध्यक्ष एक सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी कागद चाळले, छान म्हणाले आणि मग ‘विनाखंड’ कुठे दिसत नाही, असं विचारलं. बाई उठून उभ्या राहिल्या. सकाळी काय घडलं ते त्यांनी काही न लपवता सांगितलं. फक्त ‘उपकरण की साधन’ हा भाग तेवढा गाळला. आणि मग नवी व्याख्या सांगितली: ‘मुख्य वीज गेल्यावर हातातलं काम आवरून ठेवण्यापुरता वेळ देणारा वीजपुरवठा.’

सगळ्यांना ती आवडली. वन्संनी तर आपला ‘जेणेकरून’वाला कागद घडी करून पर्समध्ये टाकला. पण अध्यक्षांनी पेन्सिल टेबलावर टेकवली. जो दहा मिनिटांत संपतो त्याला ‘विनाखंड’ कसं म्हणायचं? ‘तात्पुरता वीजपुरवठा’ म्हणायला हवं, असं त्यांचं मत पडलं. मात्र ‘त’चा भाग सहा वर्षांपूर्वीच छापून झाला होता. यूपीएस म्हणावं, तर ‘य’सुद्धा बांधून कपाटात गेला होता. म्हणजे शब्द कोशात यायचाच नाही.

आणि तेव्हा, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, वन्सं भावजयीच्या बाजूने भांडायला उठल्या. मुख्य वीज जाते त्या क्षणी खोक्याकडून येणाऱ्या विजेत खंड पडत नाही, एवढाच त्या नावाचा अर्थ, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. नाव बरोबर आहे, व्याख्याही आता बरोबर आहे, तेव्हा ‘विनाखंड’ जसाच्या तसा ‘व’मध्ये राहिला पाहिजे. अध्यक्षांना ते पटलं. त्यांनी पेन्सिल उचलली.

“नको,” बाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

“वन्सं सांगतात तो अर्थ त्यांना कळतो. वाचणाऱ्याला कळणार नाही. तो नाव वाचेल आणि मी जे समजले तेच समजेल. माझे चाळीस दिवस गेले. उद्या दवाखान्यात कुणी या नावावर विसंबून बसला तर त्याचं काय जाईल, सांगता येत नाही. काढून टाका.”

“बाई, तुमचा एकच शब्द होता,” अध्यक्ष म्हणाले.

“म्हणूनच काढायचा हक्क माझा आहे.”

तीनशे दहा शब्द एकमताने मंजूर झाले आणि पाच वाजता कागद छापखान्यात रवाना झाले. नणंद-भावजय पायीच घरी निघाल्या. बाईंच्या मनाला लागलं होतं, पण मान ताठ होती. थोडं अंतर गेल्यावर त्या म्हणाल्या की शब्द गेला तो गेला. आता या ‘व’मध्ये तीनशे दहा शब्द आहेत आणि एकही खोटा नाही, हे कुणीही येऊन तपासून बघावं.

चालता चालता वन्संची पावलं मंदावली.

“वहिनी, घाईघाईत माझ्याही लक्षात आलं नाही. ती फ्यूजची तार असते ना, भार वाढला की वितळून घर वाचवणारी, तुमची ‘वितळतार’. तिची व्याख्या दुपारी तुम्ही काय सांगितलीत, आठवतंय?”

बाईंनी डोळे मिटून आठवलं आणि त्या रस्त्याच्या मधोमध थांबल्या. ‘कितीही भार आला, तरी न वितळणारी तार.’

“छापखाना कितीला बंद होतो?” त्यांनी विचारलं.

“दहा मिनिटं आहेत.”

साठीला टेकलेल्या दोघी बायका पदर खोचून आल्या वाटेने उलट्या पळत सुटल्या. वळणापाशी दम लागला तेव्हा बाई भिंतीला धरून एवढंच म्हणाल्या की व्याख्या तशी चुकलेली नाही, फक्त ती तारेची नव्हती, सांगणारीची होती.